नात्याचा रकाना

आमच्या लोणावळ्याच्या सोसायटीच्या गेटवर एक रजिस्टर असतं. लांबट, निळ्या पुठ्ठ्याचं, कोपऱ्याला सुतळीने बॉलपेन बांधलेलं. पूर्वी त्यात पाच रकाने होते: तारीख, नाव, गाडी नंबर, फ्लॅट नंबर, सही. सहावा नंतर पट्टी धरून आखला. त्याचा मथळा 'नाते'. तो रकाना माझ्या सांगण्यावरून आला. मी तेव्हा कमिटीवर होतो, आणि इतक्या वर्षांत माझ्या हातून सोसायटीत घडलेलं टिकाऊ असं एवढंच. (पंपरूमच्या दाराचा हिरवा रंगही मीच सुचवला होता, पण तो पहिल्याच पावसाळ्यात सोलवटला.)

आमचं कॉम्प्लेक्स तुंगार्लीच्या अंगाला आहे. तीन विंग, चौसष्ट फ्लॅट, एक पोहण्याचा तलाव आणि ब्रोशरमध्ये ज्याला क्लब हाउस म्हटलं होतं तो एक हॉल. त्यात टेबल टेनिसचं टेबल आहे, जाळी नाही. २०११ साली आम्ही तिथे वन बीएचके घेतला. तेव्हा ठाण्यातल्या आमच्या ओळखीपाळखीतले निम्मे लोक कुठे ना कुठे 'सेकंड होम' बघत होते. कुणी कर्जत, कुणी मुरबाड, ज्यांना परवडत होतं ते अलिबाग. दर शनिवार-रविवार जायचं, पावसात बाल्कनीत बसून कांदाभजी खायची, म्हातारपणी तर तिकडेच राहायचं, असं सगळं ठरलं होतं. पहिल्या वर्षी एकवीस वेळा गेलो. मग मुलीची दहावी आली, सासूबाईंचे गुडघे आले, आणि घाट तर होताच. अमृतांजन पूल २०२० च्या एप्रिलमध्ये, लॉकडाउनने एक्स्प्रेसवे रिकामा पडला होता तेव्हा पाडला. पण शनिवारी सकाळी गाड्या अजून बरोबर त्याच जागी थांबतात, पुलाला मान दिल्यासारख्या.

गेल्या वर्षी आम्ही नऊ वेळा गेलो. मेंटेनन्स महिन्याला ३,८०० रुपये, म्हणजे वर्षाचे ४५,६००. नऊ वीकेंड, अठरा रात्री. हा भागाकार बायकोने एकदा डायनिंग टेबलावर, बिलाच्या पाठीवर करून दाखवला: रात्रीचे अडीच हजार. "एवढ्यात हॉटेलवाला चादर तरी बदलतो," ती म्हणाली. कर्जाचे हप्ते तिने धरलेच नव्हते, ही तिची दया.

हा भागाकार चौसष्ट घरांत कधी ना कधी झालेला असणार. पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं असं मला वाटतं.

आमच्याकडे त्याची सुरुवात फार सभ्यपणे झाली. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने विचारलं, "दोन दिवस चावी देशील का? मुलांना पाऊस दाखवायचाय." दिली. सोमवारी त्याने चावीबरोबर एक पाकीट टेबलावर ठेवलं. आत तीन हजार.

"अरे, हे काय?"

"काही नाही रे, लाइट बिलापुरते."

"वेडा आहेस का? राहू दे."

"मग पुढच्या वेळी मागायला संकोच वाटेल मला."

असं दोनदा माझ्याकडून, दोनदा त्याच्याकडून झालं आणि पाकीट माझ्या ड्रॉवरमध्ये गेलं. त्या महिन्याचं लाइट बिल आलं चारशे दहा रुपये.

मग त्याच्या मेहुण्याने मागितली. मग बायकोच्या योगा क्लासमधल्या एकीने. वर्षाकाठी पाच-सहा वेळा कुणी ना कुणी जाऊन येऊ लागलं आणि 'लाइट बिल' हा आमच्या घरातला शब्द होऊन गेला. गीझर लाइट बिलातून आला, सोफ्याची कव्हरं लाइट बिलातून आली. आपण जागा भाड्याने देतो असं आम्हाला एकदाही वाटलं नाही. भाड्याने देणारे वेगळे. त्यांचे फोटो अ‍ॅपवर असतात, पलंगावर टॉवेलचे हंस करून ठेवलेले असतात.

ते वेगळे लोक आमच्याकडे करोनानंतर आले. आधी सी विंगमधले दोन फ्लॅट, मग पाच, मग अकरा. तळमजल्याच्या एका दाराला आकडे दाबायचं कुलूप बसलं, तेव्हा आम्ही मुद्दाम ते बघायला गेलो होतो. पहिल्या पावसाळ्यातच कळलं की हे प्रकरण वेगळं आहे. चार जणांच्या घरात बारा जण. तलावात जीन्स घालून उतरलेली मुलं, तळाला बसलेली लाल माती आणि फिल्टर चोंदला म्हणून आठवडाभर बंद पडलेला तलाव. मधल्या विंगमध्ये रात्री दीड वाजता ब्लूटूथ स्पीकर. बाल्कनीत शेगडी पेटवून भाजलेलं चिकन आणि वरच्या मजल्यावर वाळत घातलेल्या काकूंच्या सोवळ्याच्या पातळाला लागलेला त्याचा वास. या पातळावर ग्रुपवर तीन दिवस चर्चा चालली. ज्या गावात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे मे महिन्यात टँकर मागवावा लागतो, हे आम्हाला आधीही ठाऊक होतं. पण आता टँकरचा जास्तीचा खर्च कुणी द्यायचा, हा प्रश्न निघाला. सगळ्यांत सारखा वाटला की वर्षात तीनदा येणारा चिडतो, आणि माणशी आकारायचा तर माणसं मोजणार कोण?

एक रात्र मात्र विनोदात जमा करता येणार नाही. आमच्या तलावाची खोल बाजू साडेपाच फूट. लाइफगार्ड नाही, कधीच नव्हता, एक फळा आहे. एक पंचविशीचा मुलगा प्यायलेल्या अवस्थेत रात्री साडेअकराला तिथे उतरला आणि त्याच्याबरोबरचे हसत व्हिडिओ काढत राहिले. वॉचमनमामांनी कपड्यांसकट उडी मारून त्याला बाहेर ओढला. दुसऱ्या दिवशी तो मुलगा मामांना 'थँक यू अंकल' म्हणाला आणि दुपारी चेक-आउट करून गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ३० जून २०२४ ला, भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. प्रशासनाने धबधब्यांवर संध्याकाळी सहानंतर बंदी घातली. ती हवीच होती. पण सहा वाजता तिथून हुसकावलेली माणसं शेवटी येणार कुठे? आमच्यासारख्यांच्या तलावाकाठी. त्या जुलैत मामांनी रात्री तलावाच्या फाटकाला दुचाकीची साखळी बांधायला सुरुवात केली. तसा ठराव वगैरे काही झालेला नव्हता. आमच्याकडचा सगळ्यात शहाणपणाचा नियम तोच असावा, आणि तो इतिवृत्तात कुठेही नाही.

लहानपणी आम्ही एकदा देवळालीला एका ट्रस्टच्या सॅनेटोरियममध्ये आठ दिवस राहिलो होतो. पत्र्याच्या पाटीवर पांढऱ्या रंगात नियम लिहिलेले होते: रात्री नऊनंतर दिवे बंद, खोलीत मांसाहार करू नये, भेटायला येणाऱ्यांनी कचेरीत नाव लिहावे, मुदत संपताच खोली सोडावी. आमच्या आताच्या नियमांपेक्षा ते कितीतरी कडक. माझे वडील कुणाचं फार ऐकून घेणाऱ्यांतले नव्हते, पण ती पाटी त्यांनी एकदा मोठ्याने वाचून दाखवली आणि आठ दिवस पाळली. तिथे वाद झालेला मला आठवत नाही. तिथे कुणीच मालक नव्हतं. जागा कधीच्याच वारलेल्या कुणा शेठजींची, आणि आलेला प्रत्येक जण सारखाच उपरा. आमच्याकडे चौसष्ट मालक आहेत. वर्षातले साडेतीनशे दिवस गैरहजर असलेले मालक. गैरहजर मालकाला आपल्या मालकीची जरा जास्तच आठवण राहते.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी एजीएम झाली. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, आणि आमच्याकडे ती दरवर्षी काठावरच होते. चौसष्टपैकी सत्तावीस जण आले. आले ते शनिवारीच, बायकापोरांसकट, दोघे-तिघे तर साडू-मेव्हण्यांना घेऊन. पाहुण्यांच्या गर्दीवर विचार करायला बोलावलेल्या सभेच्या आदल्या संध्याकाळी तलावात पाय ठेवायला जागा नव्हती. यावर कुणी बोललं नाही. मीही नाही. माझा भाचा त्या तलावात होता.

सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, मुलुंडचे. ते कागद घेऊन उभे राहिले आणि त्यांनी थेट बार्सिलोना काढलं. तिथल्या महापौरांनी पर्यटकांना दिलेल्या फ्लॅटचे सगळे १०,१०१ परवाने २०२८ पर्यंत संपवायचं जाहीर केलंय, आणि आपण साधं गेट बंद करू शकत नाही! (पुढल्या वर्षी त्यांनी ग्रुपवर आणखी एक बातमी टाकली: एप्रिल २०२५ पासून स्पेनमध्ये इमारतीतला फ्लॅट पर्यटकांना नव्याने द्यायचा असेल तर तीन पंचमांश मालकांची संमती लागते. खाली अकरा अंगठे आले.) बार्सिलोना ऐकून सभा प्रभावित झाली. माझ्या डोक्यात मात्र एक खडा टोचत राहिला. तिकडे तक्रार करणारे तिथे राहतात. त्यांना राहायला घर मिळेना, भाडं परवडेना, म्हणून ते रस्त्यावर उतरले. आम्ही कुठे राहतो तुंगार्लीत? आमची तक्रार एवढीच की आम्ही मजा करायला येतो तेव्हा दुसरे लोकही मजा करायला आलेले असतात.

सी-३०४ चे मालक चिंचवडचे. कंपनीतून व्हीआरएस घेतलेली. ते शांतपणे बोलले, त्यामुळे ते जास्त लागलं.

"माझा हप्ता एकोणीस हजार आहे. तो तुमच्यापैकी कोण भरणार, हात वर करा. मी लगेच अ‍ॅपवरून नाव काढतो."

हात वर झाले नाहीत. मग कायदा निघाला. आदर्श उपविधीप्रमाणे घर लिव्ह अँड लायसन्सवर द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवलं की झालं, असं ते म्हणाले आणि ते खरं होतं. सेक्रेटरी म्हणाले, ते अकरा महिन्यांच्या भाडेकरूसाठी, दोन रात्रींच्या टोळक्यासाठी नव्हे. यातही तथ्य होतं. मग नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून भरायचा आकार, लावा, असं कुणी सुचवलं. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत, २००१ सालीच सरकारने तशी मर्यादा घातली आहे. सेवाशुल्काचे दहा टक्के म्हणजे महिन्याला तीनशेच्या आसपास. सी-३०४ एका रात्रीचे साडेचार हजार घेतात. हे ऐकल्यावर पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "मग आपणही द्यायला काय हरकत आहे?" सभा थोडा वेळ गप्प झाली. ती शांतता मला अजून आठवते. सत्तावीस जण मनात भागाकार करत होते.

तेव्हा मी उठलो. मला बोलायची हौस आहे, आणि मराठीतून बोललं की सभेत आपण जरा उंच झाल्यासारखं वाटतं. मी म्हणालो, "आपला विरोध पाहुण्यांना नाही. आपला विरोध गेस्टना आहे. पाहुणे आणि गेस्ट यांत फरक करायला हवा."

टाळ्या पडल्या. चक्क टाळ्या. मलाच मसुदा लिहायला सांगितलं. दुपारी बटाटेवडे खात मी तो लिहिला: 'सदस्याचा पाहुणा म्हणजे अशी व्यक्ती, जिच्याकडून सदस्य कोणत्याही स्वरूपात मोबदला घेत नाही.' 'कोणत्याही स्वरूपात' लिहिताना हात किंचित थबकला, हे कबूल करायला हवं. पण ते वेगळं, असं मनाशी म्हणून मी पुढे गेलो. पाहुण्यांची नावं सदस्याने अठ्ठेचाळीस तास आधी कळवावीत. सदस्य हजर नसेल तर नाव कळवल्याशिवाय आत सोडू नये. वन बीएचकेत जास्तीत जास्त चार. गेस्टना तलाव बंद. रात्री दहानंतर आवाज नाही. हा शेवटचा नियम तर २००० सालापासून साऱ्या देशाला लागू आहे, निवासी भागात रात्री ४५ डेसिबलच्या वर जायचं नाही, पण आम्ही तो स्वतः शोधून काढल्यासारखा लिहिला. आणि रजिस्टरला नवा रकाना.

ज्याची येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, असं शाळेत शिकलो होतो. आता ती तिथी दोन दिवस आधी ग्रुपवर टाकायची होती.

नियम लिहिणं सोपं होतं. ते पाळून घ्यायचे होते मामांनी. मामा पवन मावळातले. गेटच्या बाजूला दहा बाय दहाच्या खोलीत ते आणि मामी राहतात. चौसष्ट फ्लॅटच्या त्या आवारात बारा महिने राहणारं कुटुंब हे एकच. सगळे सदस्य त्यांना मामा म्हणतात, त्यांच्या नात्याचा रकाना कुणी कधी भरला नाही. महिन्याभराने गेलो तेव्हा मी जरा ऐटीतच रजिस्टर उघडलं. माझ्या रकान्यात काय पीक आलंय ते बघायला.

पीक जोरदार होतं. कझिन. कझिन. कझिन. फ्रेंड. कझिन. एकट्या सी-३०४ चे एका महिन्यात एकेचाळीस कझिन येऊन गेले होते, त्यांतले तीन हैदराबादचे आणि एक जोडपं केरळमधलं. आठ इंजिनिअरिंगच्या पोरांपैकी पहिल्याने 'मावसभाऊ' लिहिलं होतं आणि बाकीच्यांनी खाली 'वरीलप्रमाणे'च्या खुणा ओढल्या होत्या, किराणा यादीत ओढतात तशा. एका प्रामाणिक माणसाने 'जीपे' लिहिलं होतं.

"मामा, हे तुम्ही विचारत नाही का, कसले कझिन?"

"विचारतो ना. ते म्हणत्यात कझिन. आता मी काय कुंडली बगू?"

"पण तुम्हाला कळत असेलच की."

मामा हसले. "न कळायला काय झालं? पाहुना पिशवी घिऊन येतो, गेस्ट ब्याग घिऊन येतो. पाहुना इचारतो, आली का मंडळी? गेस्ट इचारतो, वायफाय हाय का?" मग थोडं थांबून म्हणाले, "आन् गेस्ट जाताना पन्नास-शंभर देतो. पाहुना नुसता हात करतो."

मी नुसता हात करणाऱ्यांतला. मी रजिस्टर मिटलं.

सी विंगच्या अकरा फ्लॅटची चाव्या-चादरींची कामं मामांचा पुतण्या बघतो. सतरा-अठरा चादरी एका वेळी गच्चीवर वाळत असायच्या, त्यावरही आम्ही ठराव केला. त्याला एका फ्लॅटच्या साफसफाईचे चारशे मिळतात. त्याची बायको सांगितलं तर थाळी करून देते, पिठलं-भाकरी नाहीतर गावरान चिकन. एजीएमनंतरच्या दोन महिन्यांत बुकिंगं कमी झाली आणि त्याच्या गाडीचा हप्ता चुकला. हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी वायर जोडायला बोलावलं होतं, होल्डर काढता काढता सहज बोलला. एवढ्या सगळ्या भांडणात ज्याचं पोट खरोखर अडकलं होतं त्याला सभेत बसायचा अधिकार नव्हता. पुढे कझिनांची आवक वाढली आणि त्याचा हप्ता मार्गी लागला. मला त्याचं बरं वाटलं, आणि कमिटीचा माणूस म्हणून बरं वाटायला नको होतं.

आता आत्याची गोष्ट.

जुलैतला शनिवार. कोथरूडची आत्या, वय चौऱ्याहत्तर, आणि आत्येभाऊ असे दोघं येणार होते. आम्ही ठाण्याहून निघायचं, ते पुण्याहून, आणि अकरा वाजता तिकडे भेटायचं. अठ्ठेचाळीस तासांचा नियम माझ्या डोक्यातच नव्हता. आपल्या आत्यासाठी कोण नियम आठवतो? आत्याला लोकलनेच यायचं होतं. लग्नाआधी ती कशी आगगाडीने जायची, खिडकीतून कामशेतची भातखाचरं कशी दिसायची, हे तिला पोराला दाखवायचं होतं. पोरगा त्रेपन्नाचा. ते दहालाच लोणावळ्यात उतरले, रिक्षावाल्याने सांगितला तो आकडा देऊन सव्वादहाला गेटवर आले. आम्ही तेव्हा खोपोलीच्या अलीकडे उभे. पुढे साडेतीन तास आम्ही घाटातल्या एका ट्रकच्या 'हॉर्न ओके प्लीज'शी इतकी सलगी केली की त्या अक्षरांतला गेलेला रंग मला आजही सांगता येईल. बोगद्यात फोन लागत नव्हता. बाहेर आलो की लागायचा, तर आत्येभावाच्या फोनची बॅटरी संपलेली आणि आत्याकडे फोनच नाही. तिच्या मते फोनमुळे माणूस वेळेवर येत नाही.

पावणेदोनला गेटशी पोहोचलो. पाऊस आडवातिडवा. मामांच्या खोलीच्या दारात एक ओळखीची छत्री उलटी करून वाळत ठेवलेली. आत आत्या पलंगावर मांडी घालून बसली होती, खांद्यावर मामींची शाल, पुढ्यात सुपात घेवड्याच्या शेंगा. ती आणि मामी शेंगा निवडत होत्या. आत्येभाऊ स्टुलावर बसून झोपला होता.

"आलास?" आत्या म्हणाली. "आम्हाला वाटलं, गेस्ट लोकांचं लंच चुकतंय की काय."

"आत्या, अगं, ते मामांना माहीत नव्हतं गं..."

"त्यांना काही बोलू नकोस हं. त्यांनी नियम वाचून दाखवला मला. छान लिहिलाय. 'कोणत्याही स्वरूपात मोबदला.' तुझ्या वडिलांसारखं अक्षर नाही तुझं, पण मराठी तसंच आहे." तिने एक शेंग मोडली. "मला विचारलं यांनी, नातं काय लिहू? मी म्हटलं, लिहा, मालकाच्या बापाची बहीण. तर म्हणाले, ते फोन उचलेपर्यंत मला लिवता येत नाही."

मामा दारात उभे होते. त्यांचा चेहरा परीक्षेत नियमानुसार उत्तर लिहूनही नापास झालेल्या मुलासारखा. "साहेब, मागं म्हाडमच्या भनीला सोडलं तर सेक्रेटरीसाहेबांनी मेमो दिला. तुमचीच सही व्हती खाली."

होती. मीच केली होती. बी विंगमधल्या बाईंच्या बहिणीला न विचारता आत सोडलं म्हणून.

आत्येभाऊ जागा झाला, बायकोने आत्याला हाताला धरून उठवलं, आणि बाहेर पडता पडता मामा म्हणाले, "साहेब, तेवढी एन्ट्री करून जावा. रोजचं सेक्रेटरीसाहेबांना फोटू काढून पाठवावं लागतं."

मी रजिस्टर उघडलं. पावसाळी हवेने पानं फुगली होती, एकाला एक चिकटत होती. आजचं पान शोधताना मागची दोन-तीन उलटली गेली आणि मला माझाच फ्लॅट नंबर दिसला. ए-१०२. जूनमधला शनिवार. बायकोच्या योगा क्लासमधलं कुटुंब, चार माणसं, गाडी नंबर बरोबर. त्याआधी मे, ऑफिसातल्या सहकाऱ्याचा मेहुणा. त्याच्याही आधी एक. तिन्ही ओळींत सहावा रकाना भरलेला, मामांच्या मोठ्या, सुट्या सुट्या अक्षरांत. तिन्ही ठिकाणी एकच.

'लाईट बील.'

मी मामांकडे पाहिलं.

"तेच म्हनले त्ये," मामा म्हणाले. "म्या इचारलं, नातं काय. तर म्हनले, कायी नाय, आमी निस्तं लाइट बिल देतो. म्हनून तसंच लिवलं. चुकलं का?"

"नाही," मी म्हणालो.

"काय रे, काय लिहिलंय?" आत्या पायरीवरून मागे वळून विचारत होती. तिचा चष्मा पावसाने धुरकटला होता.

"काही नाही गं. चढ तू, येतो मी."

आजच्या तारखेखाली मामांनी तिचं नाव आधीच घातलं होतं. गाडी नंबरच्या जागी 'रिक्षा'. सहावा रकाना मोकळा. पेन दमटपणामुळे उठत नव्हतं, आणि त्याची सुतळी इतकी आखूड की टेबलाशी वाकल्याशिवाय त्या टोकाच्या रकान्यापर्यंत हात पोहोचेना. वाकलो, आणि दोनदा गिरवून लिहिलं.